पावाचे सोबती

इंग्रजी भाषा आम्ही बहुतेक सारे शब्दार्थ घोकूनच शिकलो. 'फ्रेंड' म्हणजे मित्र, 'गेस्ट' म्हणजे पाहुणा, 'कंपॅनियन' म्हणजे सोबती, अशी दोन रकान्यांची वही ज्याने पाठ केली नाही असा मराठी कारकून दिल्लीच्या कचेऱ्यांत सापडणे कठीणच. या वहीमुळे डावीकडचा शब्द आणि उजवीकडचा शब्द एकाच वजनाचे आहेत, असा एक समज मनात घट्ट बसतो. यंत्रांचे किंवा कायद्याचे शब्द शिकताना तो फारसा नडत नाही. स्नेहाचे शब्द शिकताना नडतो. आणि इंग्रजी शिकलेल्या आमच्या पहिल्या पिढ्यांना तो चांगलाच महाग पडला.

'कंपॅनियन' हाच शब्द घ्यावा. त्याच्या पोटात लॅटिन 'पानिस' आहे. पानिस म्हणजे भाजलेली रोटी, आणि तिचा सोबती तो कंपॅनियन. हाच 'पानिस' पोर्तुगिजांच्या तोंडी निराळे रूप घेऊन आमच्या किनाऱ्यावर उतरला व 'पाव' झाला. म्हणजे ज्याच्याबरोबर पाव मोडून खाल्ला तो कंपॅनियन, इतका हा शब्द रोखठोक आहे. पेशवाईच्या अखेरीस आमचे लोक ज्या व्यापारी मंडळींना 'कुंपणी' म्हणत, त्या नावातही हाच पाव दडलेला आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस या कुंपणीशी तह केला. एकाचे मित्र ते दुसऱ्याचे मित्र, एकाचे शत्रू ते दुसऱ्याचे शत्रू, असे त्यात ठरले. त्या मैत्रीत कोणी कोणाची भाकरी खाल्ली, हे १८१८ साली उघड झाले.

आमच्या बाजूस मैत्रीचा तुटवडा होता असे मुळीच नव्हे. सोबती, सांगाती, सवंगडी, स्नेही, जिवलग. शब्दांची श्रीमंती पाहावी! परंतु यातल्या कोणत्याही शब्दाचा ताटाशी संबंध नाही. 'सोबत' अरबीतून आली, तिचा अर्थ सहवास. 'सांगात' म्हणजे संगत. दोन मराठी स्नेही एकमेकांस कर्ज देत, एका मोहिमेवर जात, एकमेकांच्या मुलांचे पालकत्व पत्करीत, आणि जन्मभर निरनिराळ्या पंगतींस जेवत. त्यात त्यांना विसंगती वाटत नसे. ज्यांना पंगतीच्या जवळपासही येऊ दिले जात नव्हते, त्यांना काय वाटत असेल, हे मात्र कोणी विचारीत नसे. सोबत वाटेवरची आणि पंगत जातीची, अशी ही वाटणी होती. इंग्रजी शब्दाने नेमकी तीच मोडली.

मुंबईत १८४९ साली परमहंस सभा स्थापन झाली, तेव्हा ही मोडतोड प्रत्यक्ष सुरू झाली. सभेचे एक प्रमुख दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या या गृहस्थांना शब्दांचे वजन कोणी शिकविण्याची गरज नव्हती. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या सभेत प्रवेश घेणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, असा दंडक होता. पावच का, याचे कारण व्युत्पत्तीत शोधू नये. परक्याच्या हातचे पाणी घालून मळलेले ते पीठ. शिवाय विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या गोष्टी कोकणात घरोघर सांगितल्या जात. ज्या घासाची सर्वांत अधिक भीती, तोच घास प्रवेशासाठी निवडला गेला. सभा मात्र गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली व नावे फुटण्याच्या भयाने सभा मोडली. पुढे १८६७ साली दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज काढला. त्यात पावाची अट नव्हती. अनुभवाने माणसे शहाणी होतात की सावध, हे ठरविणे आम्हांस जमलेले नाही.

दरम्यान विद्यालयांतून इंग्रजी सामाजिक जीवनाचे शब्द येतच राहिले: क्लब, पार्टी, 'सोशल गॅदरिंग'. शेवटच्याला मराठीने 'स्नेहसंमेलन' हे गोड नाव दिले, तरी पोरे अजून 'गॅदरिंग'च म्हणतात. कचेरीत तर नात्याची भाषा नमुन्यावरून ठरते. त्याच अधिकाऱ्याला त्याच विषयावर सरकारी पत्र गेले तर 'युअर्स फेथफुली', आणि अर्धसरकारी गेले तर 'माय डियर' व 'युअर्स सिन्सियरली'. 'लोभ असावा' लिहिणाऱ्या आमच्या आजोबांना हा प्रामाणिकपणा नमुन्याबरहुकूम कसा येतो, असे नक्कीच वाटले असते.

शब्दाची खरी किंमत पुण्यात मोजली गेली. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी त्यांत होती. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी ही नावे 'पुणे वैभव' पत्रातून जगजाहीर केली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि चाळीसच्या वर सुशिक्षितांवर ग्रामण्य आले. परमहंस सभेने चोरून जे केले, ते येथे एका पेल्यावरून चव्हाट्यावर आले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. माधवराव रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले ते १८९२ साली, आणि त्याबद्दल सुधारकांनी त्यांना धारेवर धरले. त्यांची पत्नी रमाबाई यांनी आठवणींत जे कारण नोंदविले आहे ते मित्रांचे आहे: रानडे स्वतः बहिष्कार सोसण्यास समर्थ होते, परंतु काही स्नेह्यांची त्यापायी घरच्यांशी ताटातूट झाली होती, आणि रानडे पुढे झाल्याखेरीज त्या स्नेह्यांना प्रायश्चित्त घेता येत नव्हते. ज्यांच्यासह चहाला बसले, त्यांच्यासाठी रानडे प्रायश्चित्तालाही बसले.