रांजणगावचा विंचू: जुनी हॉट हॅच, ट्रॅक डे आणि थोडा इतिहास

आजचा भाग थोडा स्वार्थी आहे. पुण्यात एक २०१६ ची अबार्थ पुंटो विकायला आहे आणि माझा तिच्यावर डोळा आहे. रोज ऑफिसला न्यायला नव्हे, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक डेला. ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपली गाडी बंद सर्किटवर मनसोक्त पळवायची. घरच्यांचा प्रश्न साधा आहे: फियाट इथून गाड्या विकणं बंद करून गेली, मग तिची जुनी गाडी कशाला? याचं उत्तर द्यायचं तर मागे जावं लागतं.

१९७३ साली फोक्सवॅगनमधल्या आल्फॉन्स लोवेनबर्ग नावाच्या इंजिनिअरने काही सहकाऱ्यांना एक मेमो पाठवला. मुद्दा असा की आपणही एक स्पोर्टी गाडी काढू. वरिष्ठांचा उत्साह बेताचाच होता. मग काही मंडळींनी गुपचूप काम सुरू केलं. आपल्याकडच्या भाषेत साइड प्रोजेक्ट! त्यातून १९७५ च्या फ्रँकफर्ट शोमध्ये गोल्फ जीटीआय आली. १.६ लिटर इंजिन, ११० हॉर्सपॉवर, आणि वजन जेमतेम आठशे-साडेआठशे किलो. आधी फक्त ५,००० गाड्या काढायचं ठरलं होतं. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या.

गंमत त्या वजनात आहे. हलकी गाडी म्हणजे ब्रेकवर कमी ताण, टायरची कमी झीज आणि वळणात जास्त वेग. शिवाय मागे सामान राहतं, चार माणसं बसतात. एकाच गाडीत भाजी आणा आणि रविवारी सर्किटवर जा. त्याआधी मिनी कूपरने हे केलंच होतं, पण हे गणित मोठ्या बाजारात चालतं हे जीटीआयने दाखवलं.

१९८४ मध्ये प्युजो २०५ जीटीआय आली. माझ्या मते हॉट हॅचमधली सगळ्यात धीट गाडी. वळणात मध्येच घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग फिरायला लागायचा. कसलेल्या हाताला मजा, नवख्याला थेट शेत.

मग ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घोळ झाला. पोरं या गाड्या चोरून मध्यरात्री उडवायची. विमा कंपन्यांनी हप्ते इतके चढवले की तरुणांना हॉट हॅच परवडेना. नव्या गाड्यांची विक्री पडली, जुन्या स्वस्त झाल्या. आणि अशा स्वस्त, हलक्या गाड्या हळूहळू ट्रॅकवर दिसू लागल्या.

आता आपल्याकडे. कार्लो अबार्थचा जन्म व्हिएन्नातला, रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचू. १९४९ मध्ये त्याने कंपनी काढली. एक्झॉस्ट विकून आणि छोट्या फियाटना जोर देऊन नाव कमावलं. १९७१ मध्ये फियाटने कंपनी विकत घेतली. आणि २०१५ मध्ये हा विंचू पुण्याजवळ पोहोचला! रांजणगावला आपण महागणपतीच्या दर्शनाला जातो, तिथल्याच एमआयडीसीत अबार्थ पुंटो तयार व्हायची. १.४ लिटर टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. शेजारी चाकणला पोलो बनायची, पण २०१६ ची पोलो जीटीआय मात्र बाहेरून आणलेली, किंमत पंचवीस लाखांच्या वर. म्हणजे त्या पैशांत दोन अबार्थ घेऊन टायरलाही उरले असते.

त्यामुळे मी वापरलेली अबार्थ बघतोय. ओडोमीटरच्या आकड्यापेक्षा मला सर्व्हिसची बिलं जास्त महत्त्वाची. टर्बो गाडीत तेल वेळेवर बदललं का, हा पहिला प्रश्न. ईसीयू रीमॅप झालाय का, दुसरा. सकाळी थंड इंजिन माझ्यासमोरच सुरू करायचं, निळा धूर दिसला तर नमस्कार करून परत यायचं. आरसीवर कर्जाची नोंद आहे का तेही बघायचं. पार्टचा प्रश्न खराच आहे. म्हणून सौदा करण्याआधी क्लच आणि टर्बो कुठून, कितीला मिळतील हे फोनवर विचारून ठेवणार.

गाडी घेतली की पहिला खर्च ब्रेकचा. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. ट्रॅकवर दर वळणाआधी जोरात ब्रेक लागतो. फ्लुइड उकळलं की पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून आधी फ्लुइड आणि पॅड, मग टायर. मोठा आवाज करणारा सायलेन्सर यादीत नाहीच, भावांनो.

पण सगळ्यात मोठा आकडा विम्याचा आहे. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी ठोकली तर क्लेम मिळेल असं धरूच नका. म्हणून मी बजेट असं मांडलंय: गाडीची पूर्ण किंमत गेली तरी घराचा हप्ता चुकता कामा नये. या हिशोबाने सध्या मागितलेल्या किमतीला साठ हजार कमी पडतायत. मालक काका खाली येतात का, ते रविवारी कळेल.