दरोडेखोर की राजे?

उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं. त्यांच्या मागावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनं १८३३ साली रामोशांवर पुस्तक छापलं. त्यात उमाजी दरोडेखोर. आजचे पोवाडे मी ऐकतो, त्यांत ते ‘राजे’. आणि इनामापायी पकडून देणारी माणसं? ती घरचीच.

अमेरिकेतला लुटारू जेसी जेम्सही १८८२ साली, पाठमोरा असताना, साथीदार रॉबर्ट फोर्डच्या गोळीनं मेला. त्याच्यावरच्या गाण्याचे पाठ कितीतरी! त्यांत त्याला तीन मुलं. मागे राहिली होती दोनच. मुलं मोजताना गाणारे चुकले, फोर्डला मात्र ते भेकडच म्हणत राहिले. शेवटी बिली गॅशेड हा गीतकार, आपल्या शाहिरांसारखंच, स्वतःचं नाव गुंफतो. रत्नागिरीच्या मुशायऱ्यांत मक्त्यात नाव घालणाऱ्या मला तो भाऊबंदच वाटला.