पॉपकॉर्नचा डबा आणि तंगूस

जॉर्ज बॅलस या माणसाचा ह्यूस्टनमध्ये मोठा डान्स स्टुडिओ होता. १९७१ साली तो ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये गाडीत बसून होता. बाजूचे ब्रश गरगरा फिरत होते. ब्रश थांबला की नायलॉनचे केस मरगळून लोंबायचे, फिरायला लागला की ताठ उभे राहायचे, आणि तरी गाडीच्या रंगावर ओरखडा उठत नव्हता. बॅलसच्या डोक्यात वेगळीच काळजी होती. त्याच्या अंगणात झाडं होती, आणि बुंध्याभोवतीचं गवत झाडाला न दुखवता कसं काढायचं हे त्याला सुचत नव्हतं.

घरी येऊन त्याने पॉपकॉर्नचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, भोकांतून मासे पकडायची तंगूस ओवली आणि तो डबा कडा कापायच्या मशीनवर बसवला. आवाज भयंकर, पण गवत उडालं. कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. दोऱ्याने गवत कापायचं म्हणजे चेष्टाच वाटली असणार. मग त्याने स्वतःच कंपनी काढली, 'वीड ईटर' हे नाव दिलं, टीव्हीवर जाहिराती केल्या, आणि १९७७ मध्ये ती एमर्सन इलेक्ट्रिकला विकली. आज अमेरिकेत कुठल्याही कंपनीचा ट्रिमर असो, लोक त्याला वीड ईटरच म्हणतात. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसं.

मी ह्यूस्टनच्या उपनगरात राहते. मागच्या एप्रिलमध्ये कॉलनीच्या सोसायटीचं पत्र आलं: ड्राइव्ह-वेच्या कडेचं गवत वाढलंय, दहा दिवसांत कापा, नाहीतर दंड. कडेचं, बरं का. मधलं गवत व्यवस्थित होतं. या कडेच्या चार बोटांच्या पट्टीमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

लॉन हा मुळात इंग्लंडच्या जमीनदारांचा थाट. एवढी जमीन आहे की त्यात काही पिकवायची गरज नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. गवत मेंढ्या चरायच्या, नाहीतर माणसं लांब दांड्याच्या कोयत्याने कापायची. १८३० मध्ये एडविन बडिंग या ग्लॉस्टरशायरच्या कारागिराने कापडगिरणीतलं एक यंत्र गवतावर आणलं. लोकरीच्या कापडावरची लव सारखी करायला तिथे पाती बसवलेला रूळ फिरायचा. त्याला चाकं आणि दांडा लावला आणि लॉनमोअर झाला. थाट स्वस्त झाला, आणि हळूहळू मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला.

पण चाकं असलेलं यंत्र भिंतीला खेटत नाही, कुंपणाखाली जात नाही आणि झाडाच्या मुळांवर चढत नाही. तिथली पट्टी उरतेच. ती गुडघ्यांवर बसून कात्रीने कापावी लागे. बडिंगपासून बॅलसपर्यंत एकशे एक्केचाळीस वर्षं हे काम गुडघ्यांवरच चाललं होतं. त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं उभी राहिली. १९४७ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये तर गवत नियमित कापायची अट घराच्या करारातच होती. मला आलेलं पत्र त्याच अटीची नात म्हणायची.

तर ट्रिमर निवडताना हे लक्षात ठेवायचं की तो कडेसाठी जन्मला. दुकानदार तुम्हाला जे दणकट मॉडेल दाखवतो, ते एकरभर रान साफ करायचं यंत्र असतं. कोकणात आंब्या-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर जो ग्रास कटर घुमतो, तो तसा. पेट्रोलचा, पट्ट्याने खांद्याला अडकवलेला, बरेचदा दोऱ्याऐवजी पातं लावलेला. कमरेएवढ्या गवताला तोच हवा. माझ्या ड्राइव्ह-वेला नको.

पेट्रोलच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल मिसळून घालावं लागतं आणि धूर थेट आपल्या नाकात. कॅलिफोर्नियाने असल्या नव्या लहान इंजिनांना २०२४ पासून दार बंद केलं. टेक्ससने २०२३ मध्ये उलटा कायदा केला: कुठल्याही शहराने अशी बंदी घालायचीच नाही. म्हणजे इथे निवड तुमच्यावर. छोट्या अंगणाला बॅटरीचा पुरतो. वायरचा हलका आणि स्वस्त, पण वायर सांभाळता सांभाळता जीव जातो. विकत घ्यायच्या आधी हातात धरून पाहा. दांडा सरळ असेल तर वाकावं लागत नाही आणि झुडपाखाली पोचता येतं. वाकडा दांडा बुटक्या माणसाला बरा.

माझ्या मते खरी निवड दोऱ्याची असते. तंगूस मऊ म्हणून बॅलसने ती घेतली. पण दोऱ्याचं टोक मध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि मिनिटाला ७,००० फेरे होत असतील, तर टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातो. या वेगाला मऊ काही राहत नाही. खडा उडून डोळ्यात जातो, म्हणून चष्मा हवाच. आणि झाडाची साल सोलली जाते. सालीखालचा पातळ जिवंत थर बुंध्याभोवती गोल तुटला की पानांनी बनवलेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उपाशी मरतं. एकदम नाही, वर्ष-दोन वर्षांत, त्यामुळे कुणाला ट्रिमरचा संशयही येत नाही. आमच्या गल्लीत क्रेप मर्टलची झाडं आहेत, म्हणजे आपल्या तामणीची चुलत भावंडं. साल कागदासारखी. त्यांतल्या निम्म्यांच्या पायाशी त्या जखमेच्या चंद्रकोरी दिसतात. झाडाला दुखवायचं नाही म्हणून सुचलेलं यंत्र ते हेच.

शिवाय दोरा झिजतो म्हणजे जातो कुठे? नायलॉनचे तुकडे होऊन तिथेच मातीत.

मी दोन मिलिमीटरचा गोल दोरा घातलेला बॅटरीचा ट्रिमर घेतला. चौकोनी दोरा जास्त धारदार असतो, तो मुद्दाम टाळला. आणि दोन्ही झाडांभोवती हातभर रुंद गोल करून गवत उपटून काढलं, लाकडाचा भुसा पसरला, खोडाला न टेकवता. तिथे आता कापायलाच काही नाही. ड्राइव्ह-वेची कड पंधरा मिनिटांत होते. पत्र परत आलेलं नाही.