मोडलेल्या शब्दाची भुते

मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वाइदान’ या जपानी चित्रपटाला १९६५मध्ये कान महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. चार स्वतंत्र भयकथांचा हा तीन तासांचा चित्रपट. त्याची चर्चा बहुधा रंगवलेल्या आकाशाच्या आणि तोरू ताकेमित्सु यांच्या संगीताच्या अंगाने होते. मला मात्र पहिल्या दोन कथांमधले नवराबायको अधिक विचार करायला लावतात. दोन्हींत भूत बाईचे आहे. शब्द मोडतो तो पुरुष.

पहिल्या कथेतला क्योटोचा सामुराई गरिबीला कंटाळून बायकोला टाकतो आणि बड्या घरच्या मुलीशी लग्न करतो. वर्षांनंतर पश्चात्ताप होऊन तो परततो. बायको तक्रारीचा शब्दही न काढता त्याला घरात घेते. सकाळी अंथरुणात उरलेली असतात हाडे आणि लांब काळे केस.

ही कथा मूळची ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या जुन्या जपानी संग्रहातली. लाफकाडिओ हर्न यांनी ती १९००मध्ये इंग्रजीत सांगितली. हर्न यांचा जन्म १८५०चा, आई ग्रीक, वडील ब्रिटिश सैन्यातले आयरिश डॉक्टर. वडिलांनी हा विवाह रद्द ठरवून घेतला आणि दुसरा संसार मांडला. लहानपणीच दुरावलेली आई हर्न यांना पुन्हा कधी दिसली नाही.

पुढे मात्सुए गावी त्यांचा संसार कोइझुमी सेत्सु यांच्याशी झाला. सेत्सु पडत्या काळातल्या सामुराई घराण्यातल्या. त्यांचा पहिला नवरा घरच्या गरिबीला कंटाळून ओसाकाला निघून गेला होता. हर्न यांना असंख्य जुन्या गोष्टी सांगितल्या त्या सेत्सु यांनीच. पुस्तकातून वाचून दाखवू नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा हर्न यांचा आग्रह असे, हे सेत्सु यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. टाकून दिलेल्या बाईचे दुःख या घरात दोघांनाही ठाऊक होते. म्हणूनच हर्न यांच्या कथेतली बायको सूड घेत नाही, असे मला वाटते. त्यांनी कथेला नाव दिले ‘समेट’.

कोबायाशींनी नाव बदलले : ‘काळे केस’. त्यांच्या चित्रपटात ते केस नवऱ्याचा पाठलाग करतात आणि तो पाहता पाहता म्हातारा होतो. हर्न यांच्याकडे अशी शिक्षा नाही. तिथे क्षमा मिळते, पण ती करणारी केव्हाच मेलेली असते. मला हीच शिक्षा अधिक कठोर वाटते.

दुसऱ्या कथेत हिमस्त्री एका तरुण लाकूडतोड्याला जीवदान देते. अट एकच, घडले ते कुणाला सांगायचे नाही. पुढे तो युकी नावाच्या मुलीशी लग्न करतो, मुले होतात. एका रात्री तो ते गुपित तिलाच सांगून बसतो. युकीच हिमस्त्री असते. मुलांसाठी ती त्याला जिवंत सोडते आणि निघून जाते. चित्रपटात तो तिच्यासाठी केलेल्या चपला बाहेर बर्फात ठेवतो. थोड्या वेळाने त्या नाहीशा होतात. अमेरिकेत चित्रपटगृहांत प्रदर्शित करताना लांबी कमी करण्यासाठी नेमकी हीच कथा कापली होती.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की त्यांतली भीती कुठून येते ते कळते. दोघीही नवऱ्याला मारत नाहीत. दोघांनाही, चूक कळल्यावर, उरलेले आयुष्य जगावे लागते.