यादीचा ताळा आणि यांत्रिक तपासनीस

शाळेत भागाकार शिकलेल्या कोणासही ‘ताळा’ हा शब्द नवा नाही. भागाकार झाला की त्यास भाजकाने गुणावे, त्यात बाकी मिळवावी, आणि मूळची भाज्य संख्या परत आली म्हणजे उत्तर बरोबर आले असे समजावे. ताळ्याची खुबी ही, की तो पाहणाऱ्यास उत्तर आधी ठाऊक असावे लागत नाही. संगणकाची विद्या शिकविणाऱ्या वर्गांतही आज ताळा पाहिला जातो. मात्र तो पाहणारा शिक्षक नसून यंत्रच असते. हा यांत्रिक तपासनीस कसा जन्मास आला आणि त्याच्या न्यायावर कितपत विसंबावे, याचा इतिहास शिक्षकांस व पालकांस सारखाच उद्बोधक आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील ट्रॉय या गावी, रेन्सेलीअर पॉलिटेक्निक संस्थेत झालेला दिसतो. तेथे आयबीएम ६५० या जातीचे गणकयंत्र होते. यंत्राने क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची जी मांडणी, तिला आज्ञावली म्हणतात. विद्यार्थी आपली आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवीत. चारचार-पाचपाच विद्यार्थ्यांचे गट करून प्रयोगशाळेत त्यांना शिकविण्याची तेथे पूर्वी रीत होती. यंत्राचा वेळ अतिशय महाग, आणि विद्यार्थ्यांची संख्या तर वाढत चाललेली. अशा वेळी जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्या तपासणारी एक स्वतंत्र आज्ञावली उपयोगात आणली. तिचा वृत्तांत त्यांनी ऑक्टोबर १९६० मध्ये प्रसिद्ध केला.  प्रत्येक विद्यार्थ्याने आपली आज्ञावली स्वतः चालवून पाहावयाची म्हटल्यास यंत्राचा जेवढा वेळ लागे, त्याहून पुष्कळ कमी वेळात काम होऊ लागले. त्यामुळे मोठा वर्ग चालविणे शक्य झाले.

परंतु वेळ व पैसा वाचला एवढ्यावर हॉलिंग्सवर्थ संतुष्ट राहिले नाहीत. मुले खरोखर शिकली काय, हा गंभीर प्रश्न उरतोच, असे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. पूर्वीइतकीच, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक चांगली शिकली, असा त्यांचा अनुभव होता. मात्र एक विलक्षण अडचणही तेथे दिसून आली. तपासणारी आणि तपासली जाणारी अशा दोन्ही आज्ञावल्या एकाच यंत्राच्या स्मृतीत नांदत असल्यामुळे विद्यार्थ्याची आज्ञावली तपासनिसाच्याच आज्ञांत फेरफार करू शके. परीक्षार्थीने परीक्षकाची गुणपत्रिका खोडावी, तशातलाच हा प्रकार!

पुढे १९६४ मध्ये डेन्मार्कचे पीटर नाऊर यांनी आल्गोल या भाषेतील विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्या यंत्राने तपासण्याविषयी लेखन केले. १९६५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉर्ज फोर्साइथ व निक्लाउस विर्थ यांनी अशाच तपासनिसांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील नवशिक्यांसाठी असलेला तपासनीस यदृच्छेने निवडलेल्या संख्या विद्यार्थ्याच्या आज्ञावलीस पुरवी आणि आलेली उत्तरे पडताळून पाही. या युक्तीचे महत्त्व मोठे आहे. कोणते प्रश्न येणार हे आधी कळले, तर विद्यार्थी रीत न शिकता नेमकी तेवढीच उत्तरे लिहून ठेवू शकतो. संख्या दरवेळी निराळ्या आल्या, की पाठांतराचा इलाज चालत नाही.

तपासनिसाची खरी कसोटी लागते ती याद्यांच्या स्वाध्यायांत. यादी म्हणजे एकामागून एक ठेवलेल्या वस्तूंची ओळ. मग त्या संख्या असोत, नावे असोत, की यादीच्या पोटातील दुसऱ्या याद्या असोत. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये रचावयास घेतलेल्या लिस्प या भाषेचे नावच मुळी ‘याद्यांवरील प्रक्रिया’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले आहे. यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधा, यादी उलटी करा, यादी चढत्या क्रमाने लावा, असे स्वाध्याय नवशिक्यांस आजही दिले जातात. दिसावयास ते अगदी सोपे असतात.

पण सोपेपणातच फसगत असते. सर्वांत मोठी संख्या शोधताना एखादा विद्यार्थी आरंभी शून्य ही संख्या मोठी धरतो आणि पुढे जी जी तिच्याहून मोठी भेटेल ती ती स्वीकारीत जातो. ४, ९, २ या यादीवर त्याचे उत्तर ९ येते आणि यंत्र शाबासकी देते. परंतु यादीत उणे ५, उणे २ आणि उणे ९ या संख्या असल्या, तर तीच आज्ञावली शून्य असे उत्तर देईल. आणि शून्य तर त्या यादीत नाहीच! शिक्षकाने ऋण संख्यांची यादी तपासणीत घातली नसेल, तर चुकलेला मुलगा पूर्ण गुण घेऊन घरी जातो, आणि आपण चुकलो हे त्याला कधी कळतही नाही. रिकामी यादी, एकाच वस्तूची यादी, तीच संख्या दोनदा आलेली यादी, या साऱ्या अशाच अडचणीच्या जागा आहेत.

मग प्रत्येक यादीचे उत्तर शिक्षकाने आधी काढून ठेवावे काय? येथे ताळा उपयोगी पडतो. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाचे कोएन क्लासेन व जॉन ह्यूज यांनी २००० साली ‘क्विकचेक’ नावाचे साधन जाहीर केले. उत्तराने कोणता नियम पाळला पाहिजे तेवढे त्यास सांगावयाचे. शेकडो याद्या ते स्वतःच निर्माण करून नियम मोडतो काय ते पाहते. उदाहरणार्थ, यादी दोनदा उलटी केली की मूळची यादी परत आली पाहिजे. नियम बिनचूक आहे. तथापि ज्याने यादीला हातही लावला नाही, त्याची आज्ञावलीही या ताळ्यात उत्तीर्ण होते! क्रम लावण्याच्या स्वाध्यायात ‘उत्तर चढत्या क्रमाने असावे’ एवढीच अट घातली, तर दरवेळी रिकामी यादी परत करणारा आळशी विद्यार्थीही निर्दोष ठरतो. मूळ यादीतील प्रत्येक वस्तू उत्तरात तितक्याच वेळा आली पाहिजे, ही दुसरी अट घातल्यावाचून न्याय पुरा होत नाही.

यंत्राच्या न्यायाला आणखीही मर्यादा आहेत. कोणतीही आज्ञावली कधीतरी थांबेल किंवा नाही, हे हमखास सांगणारी सार्वत्रिक रीत असू शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ च्या आपल्या निबंधातील विचाराने दाखवून दिले होते. म्हणून तपासनीस काही सेकंदांची मुदत देतो आणि ती सरताच काम बंद पाडतो. शिवाय चाचण्यांनी चुका सापडतात, पण चुका नाहीतच असे सिद्ध होत नाही, हा इशारा एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ च्या रोम येथील परिषदेत दिला होता. याउलट, एखाद्या मुलाची रीत अचूक असूनही उत्तरात एक स्वल्पविराम अधिक पडला म्हणून त्यास शून्य गुण मिळतात. असा अन्याय यंत्र करते असे म्हणणे सोपे आहे. पण ती अट घालणारा माणूसच असतो.

आपल्या देशातही एनपीटीएलच्या आज्ञावलीविषयक अभ्यासक्रमांत स्वाध्याय यंत्राकडून तपासले जातात. काही चाचण्या विद्यार्थ्यास दिसतात, काही झाकलेल्या असतात. दूरच्या गावातील विद्यार्थ्यास मध्यरात्रीही आपली चूक तत्काळ समजावी, ही काही सामान्य सोय नव्हे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकचे स्टीफन एडवर्ड्स यांनी २००३ च्या सुमारास आणखी एक पाऊल पुढे टाकले. विद्यार्थ्याने आज्ञावलीबरोबर तिच्या चाचण्याही स्वतःच लिहून द्याव्यात आणि त्या चाचण्यांनाही गुण असावेत, अशी पद्धत त्यांनी अवलंबिली. म्हणजे ताळा पाहण्याचे काम पुन्हा विद्यार्थ्याच्याच हाती आले.

या इतिहासाचे सार एवढेच, की यंत्राने शिक्षकाची वही तपासण्याची मेहनत हलकी केली, परंतु प्रश्न काढण्याची जबाबदारी दुप्पट केली. वही वाचणाऱ्या शिक्षकास न योजलेली चूकही नजरेस पडे. यंत्राला मात्र विचारले तेवढेच दिसते. रिकामी यादी ज्या शिक्षकाच्या ध्यानात आली नाही, त्याच्या यंत्राच्याही ती ध्यानात येणार नाही. आणि ताळा पाहण्याची सवय ज्या विद्यार्थ्यास एकदा जडली, त्याला बाहेरच्या तपासनिसाचे भय उरत नाही.