स्कीइंग करताना पाय गार पडतात? दोन मोजे घालणं हेच कारण असू शकतं

गुलमर्गचा गोंडोला तुम्हाला अफरवतच्या बर्फावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो. तिथल्या थंडीसाठी अनेकजण एकावर एक दोन मोजे चढवतात. पण त्याने पाय उलट जास्त गारठतात.

असं का होतं?
स्कीचा बूट मुळातच कडक आणि घट्ट असतो. दोन मोज्यांमुळे पाय आवळला जातो आणि बोटांपर्यंत रक्त कमी पोहोचतं. पायाला ऊब मिळते ती रक्तामुळे. मोजा ती फक्त टिकवतो.

मग काय करायचं?
• लोकरीचा एकच पातळ, लांब मोजा घाला. सुती नको, तो घामाने ओला राहतो.
• भाड्याचे बूट निवडताना तोच मोजा घालून बघा.
• बूट रात्री गाडीत ठेवू नका, उबदार खोलीत वाळवा.
• लिफ्टमध्ये बकल सैल करून बोटं हलवा.
• डोकं आणि अंग नीट झाका. शरीर गारठलं की हातापायांचा रक्तपुरवठा आधी कमी होतो.

बोटं बधिर किंवा पांढरी पडली तर लगेच थांबा. हा हिमदंश असू शकतो. पाय चोळू नका, शेकोटीजवळही धरू नका. आत जाऊन बूट काढा, पाय कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.