रोजच्या चपलेचे पायडल

मराठीत पेडलला बहुतेक जण 'पायडल' म्हणतात. इंग्रजी शब्द तोंडात रुळताना त्यात 'पाय' शिरला, आणि तो अगदी योग्य जागी शिरला. मूळ शब्द लॅटिनमधल्या पायावाचक शब्दावरून आला आहे, आणि तो शब्द, संस्कृत 'पाद' आणि आपला 'पाय' एकाच कुळातले आहेत. पायडल म्हणजे पाय ठेवायची जागा. गेल्या चाळीस वर्षांत महागड्या सायकलींवर जे पायडल आले, त्यावर मात्र नुसता पाय ठेवून भागत नाही. त्यात खास बूट अडकवावा लागतो. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा धातूचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा स्क्रूने घट्ट केलेला असतो. तो पायडलातल्या स्प्रिंगच्या जबड्यात खट्कन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. याला 'क्लिपलेस' पायडल म्हणतात. त्यावर चप्पल टेकवली तर ती दोन बोटांच्या लोखंडावरून निसटते. म्हणून अशा पायडलावर प्लॅस्टिकची सपाट फळी अडकवणारे, किंवा एक बाजू सपाट असलेले पायडल लावून सायकल पुन्हा रोजच्या पादत्राणांची करणारे लोक आज अनेक देशांत आहेत. सायकलीतली जाणकार मंडळी याला नवशिक्याची तडजोड समजतात. पायडलाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पाय जखडणे ही शर्यतीची गरज होती आणि ती रोजच्या सायकलीवर उसनी आली. ती उतरवून ठेवणारा माणूस सायकलीला तिच्या मूळ वळणावर आणतो.

सायकलीला जन्मतः पायडल नव्हतेच. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी बनवलेली दुचाकी पायांनी जमीन मागे ढकलत चालवायची होती. पायडल आले १८६० च्या दशकात. पिअर लालमाँ या फ्रेंच कारागिराने १८६६ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. ते थेट पुढच्या चाकाला जोडलेले होते, त्यामुळे चाक फिरले की पायडल फिरायचेच. पुढे साखळी आली, १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांची 'रोव्हर' आली, दोन्ही चाके सारखी झाली, तरी चाक आणि पायडल यांची गाठ सुटली नाही. उतारावर सायकल वेग घेई तशी पायडले इतकी गरगरत की त्यांवर पाय ठरत नसत. म्हणून तेव्हाच्या कित्येक सायकलींना पुढच्या चिमट्यावर दोन खुंट्या असत. उतार लागला की पायडल सोडून पाय त्या खुंट्यांवर ठेवायचे. बोटांपुढे अडसर घालणारी टो-क्लिप याच काळातली. गरगरणाऱ्या पायडलावरून पाय फेकला जाऊ नये, हा तिचा सरळ उपयोग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील आले, पायडल थांबवूनही सायकल पळू लागली, आणि साध्या स्वाराच्या दृष्टीने ही अडचण तिथेच संपली. त्याच्या सायकलीला रबरी ठोकळ्यांचे रुंद पायडल बसले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान थाटले, तेव्हा सायकल ही इकडे नवलाईची वस्तू होती. पुढे पुण्याला सायकलींचे शहर हे नाव मिळाले ते रबरी पायडलांच्या काळ्या सायकलींमुळे. विद्यार्थी, कारकून, दूधवाले, मुंबईचे डबेवाले या सगळ्यांनी त्या चपला घालूनच चालवल्या. त्यासाठी वेगळे बूट लागतात, असे कुणाच्या मनातही आले नाही.

शर्यतीच्या जगात मात्र टो-क्लिप टिकली, आणि तिथे ती टिकायलाच हवी होती. मिनिटाला शंभराच्या पुढे पाय फिरवायचे आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळी ताकद ओतायची, तर पाय सुटून चालत नाही. फ्रान्समध्ये टो-क्लिपला नाव मिळाले ते युजेन क्रिस्तोफ यांचे. १९१३ च्या तूर द फ्रान्समध्ये तूरमाले घाटात सायकलीचा पुढचा चिमटा मोडल्यावर ती खांद्यावर घेऊन खाली उतरलेला आणि गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः तो सांधणारा हाच तो शर्यतपटू. टो-क्लिपला चामडी पट्टा आला, बुटाच्या तळाला खाच असलेली क्लीट आली, ती पायडलाच्या पत्र्यात बसू लागली. पट्टा आवळला की पाय पक्का. पण उतरायचे तर आधी खाली वाकून पट्टा ढिला करायचा. ते विसरले तर सायकलीसकट आडवे व्हायचे. यावर उपाय शोधणारेही जुनेच आहेत. बूट पायडलात वळवून अडकवायचा आणि वळवून सोडवायचा, ही कल्पना अमेरिकेत चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ मध्येच मांडली होती. १९७१ मध्ये इटलीच्या चिनेल्ली यांनी 'एम ७१' काढले; त्यात पाय अडके छान, पण सोडवायला हाताने खटका ओढावा लागे. खरा बदल घडला तो बर्फावरच्या खेळातून. 'लुक' ही फ्रेंच कंपनी स्कीचे बूट अडकवणारे खटके बनवत असे. पाय धोकादायकरीत्या पिरगळला तर बूट आपोआप सुटला पाहिजे, हे त्या खटक्याचे काम. तीच युक्ती तिने १९८४ मध्ये पायडलात आणली आणि १९८५ ची तूर द फ्रान्स बर्नार इनो यांनी त्याच पायडलांवर जिंकली. टो-क्लिप गेली म्हणून नाव पडले 'क्लिपलेस', म्हणजे क्लिप नसलेले. ज्यात बूट अगदी घट्ट अडकतो त्यालाच 'विनाक्लिपचे' म्हणतात, याचे कारण एवढेच.

इथवरचा सगळा इतिहास शर्यतपटूंचा आहे, आणि शर्यतपटू चालत नाहीत. लुकची क्लीट बुटाच्या तळाखाली उंचवट्यासारखी येते. ती घालून फरशीवर चालणारा माणूस टाचांवर तोल सावरत डुलत जातो. ही अडचण प्रथम जाणवली डोंगरात सायकल चालवणाऱ्यांना, कारण त्यांना चढावर उतरून सायकल ढकलावी लागते, ओढ्यातून खांद्यावर न्यावी लागते. त्यांच्यासाठी जपानच्या शिमानोने १९९० मध्ये एसपीडी पायडल काढले. त्याची क्लीट लहान, दोनच स्क्रूंची, आणि बुटाच्या जाड तळात केलेल्या खोबणीत बसणारी. जमिनीला टेके ते रबर. माझ्या मते या सगळ्या कथेतला महत्त्वाचा टप्पा हाच. पाय जखडणाऱ्या पायडलाने चालणाऱ्या माणसापुढे घेतलेली ही पहिली माघार होती, आणि ती खुद्द त्या पायडलाच्या कारखानदारानेच घेतली. पुढे शिमानोनेच 'एम ३२४' सारखे पायडल विकले, ज्याच्या एका बाजूला एसपीडीचा जबडा आणि दुसऱ्या बाजूला साधा दातेरी पिंजरा. म्हणजे आज कुणी पायडलावर सपाट फळी चढवत असेल, तर ज्या वाटेवर बनवणारे स्वतः दोन पावले चालले, तिथेच तो तिसरे टाकतो आहे.

यावर पहिला आक्षेप ताकदीचा. बूट अडकलेला असला की पाय खाली दाबताना तर जोर लागतोच, शिवाय वर येतानाही ओढता येते, म्हणून सायकल कमी श्रमात पळते, असे दुकानात आणि सायकल क्लबांत ठासून सांगितले जाते. ऐकायला पटते, पण मोजमाप त्याच्या बाजूने नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला सांगितले. पायडलावरचा जोर अधिक एकसारखा पडला, पण शरीराने त्याच कामाला जास्त ऊर्जा खर्च केली. मांडीचे आणि नितंबाचे मोठे स्नायू खाली ढकलण्यासाठी घडलेले आहेत, वर ओढणारे स्नायू त्यांच्यापुढे दुबळे. २०१६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याहून सरळ तुलना केली: साधे धावायचे बूट सपाट पायडलावर, तेच बूट टो-क्लिपमध्ये, आणि कडक तळाचे सायकल-बूट क्लिपलेसवर. १५० वॅटपर्यंतच्या बेताच्या जोराला तिन्हींत ऊर्जेचा खर्च सारखाच भरला. बाजारहाटाला, कचेरीला किंवा सकाळच्या फेरीला निघालेला माणूस याच टप्प्यात पायडल मारतो. ग्रँट पीटरसन यांनी २०१२ च्या 'जस्ट राइड' या पुस्तकात शर्यतीचे सामान साध्या स्वाराच्या गळ्यात मारण्यावर कठोर टीका केली. त्यांची काही मते मला टोकाची वाटतात, पण बुटांच्या बाबतीत पुरावा त्यांच्या बाजूने आहे. शर्यतीच्या अखेरीस तीस सेकंद जीव तोडून वेग घ्यायचा असेल तर गोष्ट निराळी; तिथे पाय बांधलेलाच हवा. त्या तीस सेकंदांचा नियम तासाभराच्या सायकल-फेरीला लावणे मात्र चूक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो इजेचा आहे. पावसात सपाट पायडलावरून पाय घसरतो, खड्ड्यात सायकल उसळली की पाय उडतो, आणि पायडलाचा कोपरा नडगीवर बसतो. हे खरे आहे, आणि गुळगुळीत प्लॅस्टिकची स्वस्त पायडले लावली तर नक्की घडते. पण त्याला उत्तर पायडलाच्या पृष्ठभागात आहे. रबरी ठोकळे किंवा बारीक खिळ्यांचे रुंद पायडल साध्या तळाला घट्ट धरते. उलट, शहरातला धोका अडकलेल्या पायाचा जास्त. सिग्नलला अचानक थांबावे लागते, रिक्षा आडवी येते, कुत्रे मध्ये धावते. अशा क्षणी टाच वळवण्याआधी पाय जमिनीकडे जायला हवा असतो. सराव झालेल्याचा तो जातो. सरावासाठी भर रस्त्यात दोन-चारदा पडणे ही किंमत रोजच्या स्वाराने का मोजावी, याचे उत्तर मला कुठे मिळालेले नाही. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, पाऊसही भरपूर आहे, आणि तिथला सर्वसामान्य माणूस साध्या बुटांनी सपाट पायडलावरच जातो.

राहिला प्रश्न बदल कसा करावा याचा. जोड-फळी हा सगळ्यांत सोपा उपाय. प्लॅस्टिकच्या सपाट तुकड्याच्या खालच्या अंगाला क्लीटच्याच आकाराचा भाग असतो. तो पायडलाच्या जबड्यात दाबून बसवायचा. तो फार सहज सुटत असेल तर पायडलावरचा स्प्रिंगचा स्क्रू ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने थोडा आवळायचा. आठवड्यातून एकदा मंडईत जायचे असेल तर एवढे पुरते. पण तिच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. फळीच्या जाडीइतका पाय उंच येतो, म्हणून बैठक तेवढी वर घ्यावी लागते. फळी एकाच बाजूला असल्याने पायडल पालथे झाले की ती खाली लोंबते आणि पायाने उलटावी लागते. जोराने पाय वाकडा पडला तर क्लीटसारखीच ती सुटून येते, कारण जबड्याला फळी आणि बूट यांतला फरक कळत नाही. म्हणून रोज सायकल वापरणाऱ्याने फळीच्या नादी न लागता पायडलच बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही कामे लागत असतील तर दुतोंडी, नसतील तर साधे सपाट. बहुतेक मोठ्या सायकलींच्या क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांडीला बसते तिचे, भोक ९/१६ इंची असते, आणि पाचशे रुपयांचे रबरी पायडल असो की पंधरा हजारांचे शर्यतीचे, आटे तेच. जुने पायडल जपून ठेवले तर हवे तेव्हा परत बसते.

काम १५ नंबरच्या पान्याचे आहे. काही पायडलांना क्रँकच्या आतल्या बाजूने ६ किंवा ८ मिलिमीटरची ॲलन की लागते. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे आणि डाव्याचे उलटे असतात. पायडल फिरत असताना दांड्याला बसणाऱ्या सूक्ष्म हिसक्यांनी ते हळूहळू उघडू नये, म्हणून ही सोय. दोन्ही बाजूंना पाना दांड्यावर उभा लावून मागच्या चाकाकडे ओढला की पायडल सुटते. नवे बसवताना आट्यांना बोटभर ग्रीस लावा आणि आधी हातानेच दोन-तीन वेढे द्या.